उपासाच्या दिवसांत सोडलेला राग

मणक्याचा क्षय झालेल्या एका मुलीच्या आईने परवा मला विचारलं, "ताई, तुम्ही इतकं सगळं शांतपणे कसं सोसलंत?" मी म्हटलं, "बाई, शांतपणे सोसलं तेवढ्याच दिवसांत माझे पाय गेले होते." तिला वाटलं मी गंमत करतेय. ती गंमत नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

आजाऱ्याला शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतात. दुखणं तुमचं, अंथरूण तुमचं, आणि चेहरा मात्र भेटायला येणाऱ्याला बरा वाटेल असा ठेवायचा. मला याचा तेव्हाही राग होता आणि आज म्हैसूरच्या बोगादी भागातल्या घरात धडधाकट बसून लिहितानाही आहे. ज्यांना रागावलेल्या बाईचं वाचायला आवडत नाही त्यांनी इथेच थांबावं.

आम्ही साताऱ्याकडचे मराठी ख्रिस्ती. यशवंत, म्हणजे माझे यजमान, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात टर्नर होते, म्हणून लग्नानंतर मी म्हैसूरला आले. तेव्हा गावात आमच्यासारखी मोजकीच मराठी ख्रिस्ती घरं होती. रविवारी सकाळी चर्चमध्ये कन्नड उपासना व्हायची आणि दुपारी मागच्या हॉलमध्ये आमची मराठी. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब सोलापूरचे. त्यांच्या पत्नीला सगळे पाळकबाई म्हणत. बारीक चणीच्या, हसऱ्या, आणि त्यांचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

माझा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलेला होता. दूधवाल्याने ऐकला होता, शाळेच्या मास्तरांनी ऐकला होता, चर्चच्या पंचांनी तर दोनदा ऐकला होता. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तापट बाई म्हणजे न धुतलेलं भांडं. कुणी तोंडावर बोलत नाही, पण प्रत्येकाला ते घासून लख्ख करावंसं वाटतं.

फोटो

पाठ दुखत होती. संध्याकाळी अंगात कसर असायची, कपडे सैल व्हायला लागले होते. नजरबादच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, या वयात बायकांची पाठ दुखतेच, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या. पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, घरात काही ताण आहे का? त्याच्यापुढच्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता यशवंतना सांगितलं की यांना चार दिवस माहेरी पाठवा.

मी टेबलावर हात आपटला. पाठीचा एक्स-रे फोटो काढायची चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही, असं बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. यशवंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, तीही उपकार केल्यासारखी.

त्या फोटोत एक मणका किडलेला होता आणि खालचा अर्धा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून मला दाखवला. म्हणाले, क्षय आहे. मी म्हटलं, मला खोकला नाही. ते म्हणाले, क्षय हाडांतही होतो आणि हा कुणाला तुमच्यापासून लागायचा नाही. औषधं पुष्कळ महिने घ्यायची आणि सध्या फळीवर सपाट पडून राहायचं. मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातील, म्हणून पायात काही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

यशवंत म्हणाले, "बरं."

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, बरं काय, यात बरं काय आहे? ते म्हणाले, काय बोलू? माझे पाय जायची गोष्ट चाललेली आणि या माणसाला शब्द सापडत नव्हते. रिक्षा मिळेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि रिक्षात बसल्यावर इतकं बोलले की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. मी त्या दिवशी रडले नाही. माझी भीती रागाच्या वाटेनेच बाहेर येते, हे मला ठाऊक आहे. त्यांना वीस वर्षांच्या संसारात ते कळलं असेल असं मी धरून चालले होते.

फळीवर

गादीखाली लाकडी फळी. उशी नाही. कुशीवर वळायचं तर सिस्टर आणि आया दोघींनी मिळून लाकडाचा ओंडका फिरवावा तसं फिरवायचं. सकाळी सुई, सुईनंतर कानात गुणगुण. लाल गोळीने लघवी केशरी व्हायची आणि आया पहिल्या दिवशी भांडं बघून किंचाळली. मग गंजी, म्हणजे पातळ भाताची पेज, मीठ घातलेली असलीच तर.

महिनोन् महिने पाठीवर पडलेल्या माणसाला लोक खालून दिसतात. मला म्हैसूरची सगळी मराठी मंडळी हनुवटी आणि नाकपुड्यांवरून ओळखता यायला लागली. एक बाई यायच्या त्या क्षयाने गेलेल्या आपल्या सगळ्या नातेवाइकांची नावं घ्यायच्या. एक गृहस्थ डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायचे आणि माझ्या कपाटात काय काय आहे ते बघायचे. माझा दीर दाराशी नाकाला रुमाल लावून उभा राहायचा, मणक्यातला क्षय उडी मारून त्याच्यापर्यंत जाणार असल्यासारखा. मला कूस बदलून पाठ फिरवायचीही सोय नव्हती.

शेजारच्या खाटेवर अंबक्का होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजनं टांगलेली. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड असं मिसळलेलं की पहिले दोन दिवस मला निम्मंच कळायचं. उशाखाली चामुंडीचा फोटो. मी कुणावर तरी तापले की त्या खुशीत यायच्या. म्हणायच्या, चला, आजचा दिवस बरा गेला.

यशवंत पाळी संपवून यायचे. अंगाला तेलाचा आणि लोखंडाचा वास. पायथ्याशी स्टुलावर बसायचे आणि घंटा होईपर्यंत बसून राहायचे. काही बोला की, असं मी म्हणायची. ते कारखान्यातल्या बसबद्दल एखादं वाक्य बोलायचे. मला वाटायचं, हा माणूस घाबरलेलाही नाही. याला काही होतच नाही.

आमची मीना तेव्हा दहावीला होती. घरी एकटीला ठेवणार कुठे, म्हणून पाळकबाईंनी तिला आपल्याकडे नेलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्या स्वतःहून आल्या आणि तिची पेटी उचलून गेल्या. डबा त्यांच्याकडचा, अभ्यास त्यांच्याकडे, वेणीसुद्धा त्याच घालायच्या. आणि रविवारी माझ्या खाटेशी येऊन माझी मुलगी म्हणायची, "आई, काकू कधीच ओरडत नाहीत."

ते मला लागलं.

काय सोडणार?

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू होणार होते. आमच्यात त्या दिवसांत प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी सिनेमा. आमच्या मंडळीत ते सगळ्यांसमोर सांगायची रीत होती. त्या वर्षी बायकांची सभा माझ्यासाठी म्हणून दवाखान्यात, माझ्या खाटेभोवती भरली. एकेकीने आपापलं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी काय सोडू, पेज?

सगळ्या हसल्या. पाळकबाईंनी माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "हेमाताई, राग सोडाल का? कुरकूर, तक्रार, सगळं. ईस्टरपर्यंतच."

मीना त्यांच्या शेजारी उभी होती. तिच्या तोंडावर अशी आशा होती की मला बघवेना. त्यांचं अन्न माझी मुलगी खात होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, खालून बघितलेल्या त्या सगळ्या हनुवट्या. मी म्हटलं, सोडला.

पायथ्याशी यशवंत होते. त्यांनी काय सोडलं असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, मी या वर्षी काही सोडत नाही. पाळकबाईंनी त्यांच्याकडे जरा खेदाने पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

गोड दिवस

लोक मला विचारतात, राग सोडणं अवघड गेलं का? मुळीच नाही. पहिले काही दिवस मला फार आवडलं. पेज गार आली, मी खाल्ली. सुई टोचताना चुकली, मी हसले. सिस्टर, ज्या माझ्या खाटेवरून भरभर निघून जायच्या, त्या दोन मिनिटं थांबायला लागल्या. नाकाला रुमाल लावणारा दीर चक्क जवळ येऊन बसला. मीना शाळेतलं सांगायला लागली. वॉर्डभर बोलबाला झाला की नजर लागावी इतकी ही बाई बदलली.

कौतुकाची चटक लागते. मला लागली.

त्याच दिवसांत कधीतरी डाव्या पायाची बोटं कापसात गुंडाळल्यासारखी वाटायला लागली. मग उजव्या पायाची. डॉक्टरांचं दोनदा सांगितलेलं वाक्य मला आठवत होतं. एरवी मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. पण मनात यायचं, ही तक्रार झाली. देवाला शब्द दिलाय. मी सिस्टरना सांगितलं, नाही असं नाही. हसून, मऊ आवाजात सांगितलं की पायाला जरा बधिर वाटतंय, तुम्हाला सवड होईल तेव्हा बघा. त्या म्हणाल्या, पडून पडून होतं. त्यांनाही दोष कसा देऊ? माझ्या आवाजाची पट्टी त्यांना माहीत होती. या बाईला खरंच काही झालं तर ती ओरडते, आणि ही तर हसतेय.

पाळकबाईंनाही सांगितलं, तसंच हसून. त्यांनी माझ्या पावलांना हात लावून पाहिला, गार लागतात म्हणाल्या आणि चादर नीट केली.

एकट्या अंबक्कांना ते खपेना. एका दुपारी त्या म्हणाल्या, "हेमाक्का, येनु आयतु तुमाला? लई दिस झाले, कोणाला शिवी नाही, काही नाही. सुम्ने पडल्यात. मला भ्या वाटायलंय." येनु आयतु म्हणजे काय झालं, आणि सुम्ने म्हणजे उगाच, गपचूप. मी त्यांना सांगितलं की आमच्यात उपास असतो तसा हा माझा उपास आहे. त्या म्हणाल्या, आमच्यातबी उपास करतात, पण पोटाचा.

यशवंत त्या दिवसांत आणखी गप्प झाले होते. घंटा झाली तरी उठायचे नाहीत, सिस्टरने सांगितलं की जायचे. माझ्या गोडव्याला आमच्यातला एवढा एकच माणूस भुलला नव्हता, आणि मला वाटलं, याला माझं बरं झालेलंही दिसत नाही.

रबरी पिशवी

मंडळीने ठरवलं की उपकारस्तुती करायची. माणूस आजारातून उठला, की घरी सगळ्यांना बोलावून देवाचे उपकार मानायचे आणि उठलेल्याने आपली साक्ष द्यायची, ही आमची पद्धत. मी तर अजून फळीवर होते. पण पाळकबाई म्हणाल्या, आजारापेक्षा मोठी गोष्ट झालीय, हेमाताईंचा स्वभाव बदललाय. त्यासाठी वॉर्डातच उपकारस्तुती. जगात दुसरीकडे कुठे पाय गमावत चाललेल्या बाईभोवती उभं राहून लोकांनी देवाचे आभार मानले असतील असं मला वाटत नाही.

त्या दिवशी पाळकबाईंनी येताना रबरी पिशवी आणली होती. माझे पाय गार असतात म्हणून. गरम पाण्याने भरली, पावलांना टेकवून ठेवली आणि वर चादर ओढली. मग गाणं सुरू झालं. गाण्यानंतर पाळकबाईंची प्रार्थना, लांब, गोड. आमच्या बहिणीचं कठीण मन तू मोडलंस, असं काहीतरी. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझेही. मला वाटतं, मी त्या वेळी जरा सुखातच होते.

अंबक्कांचे डोळे उघडे होते. त्या प्रार्थनेच्या मधोमध ओरडल्या, "अय्यो, पाय भाजालाय तिचा, नोडी, बघा! आन तिला कळत बी नाही."

चादर सरकली होती. पिशवी फार गरम होती, तिला फडकं गुंडाळायचं राहिलं होतं. टाचेपासून घोट्यापर्यंत कातडी लाल होऊन वर आली होती, मोठा पाण्याचा फोड. मला काहीही जाणवलं नव्हतं. मी पाय ओढून घ्यायला गेले आणि पाय आला नाही.

डॉक्टर आले. टाचणी टोचून विचारलं, कळतं का? नाही. इथे? नाही. किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, तुम्ही तर ओरडणाऱ्या पेशंट, तुम्ही कशा नाही ओरडलात? यावर मी काय सांगणार होते? की डॉक्टर, मी ईस्टरपर्यंत ओरडणं सोडलंय?

मग मी ओरडले. इतक्या दिवसांचं एकदम. पाळकबाई पायथ्याशी त्या पिशवीला घट्ट धरून उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुमच्या गोडव्याने माझे पाय खाल्ले. माझी मुलगी घेतलीत, माझा आवाज घेतलात, आता आणखी काय हवंय? पाळकसाहेबांना म्हटलं, तुमचा देव जर फक्त गरीब गाईच पाळत असेल तर मला त्याच्या गोठ्यात राहायचं नाही. त्या दिवशी बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

ऑपरेशननंतर

मणक्याजवळचा पू काढला, दाब मोकळा केला. पाय परत येतील का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू. दवाखान्यातला सगळ्यात वाईट शब्द हाच.

मी पडल्या पडल्या एकच विचार करायची. मंडळी म्हणजे एक शरीर आणि आपण सगळे त्याचे वेगवेगळे अवयव, ही शिकवण आमच्यात दुधाबरोबर पाजतात. उपदेशात ती नेहमी कशासाठी वापरतात? कुणी गावं, कुणी वर्गणी गोळा करावी, कुणी हॉल झाडावा, एवढ्यासाठी. दुखलं की ओरडणारी शीर कुठली, ते कुणी सांगत नाही. माझ्या पायातली ती शीर बंद पडली तेव्हा पाय भाजत होता आणि बाकी सगळं शरीर डोळे मिटून गात होतं. देवाने मला तापट केलं तेव्हा त्याचा हात चुकला असं या लोकांना वाटत होतं, आणि मीही ते मानून बसले होते. या गोष्टीचा राग पायांच्या रागाहून मोठा होता.

पाळकबाई यायच्या बंद झाल्या. मीना सांगायची, काकू जेवत नाहीत, मोरीत जाऊन रडतात. मी म्हणायची, रडू देत.

एक दिवस त्या एकट्याच आल्या. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "हेमाताई, मला हवं ते बोला."

मी म्हटलं, "बोलून झालंय."

त्या पदराचं टोक पिळायला लागल्या. मग म्हणाल्या, "मला राग येत नाही. लोक म्हणतात देवाची कृपा. कृपा नाही ती. माझे वडील फार मारायचे. घरात आवाज चढला की मी हसून गोड बोलायला शिकले, अजून तेच करते. तुम्ही ओरडलात की माझे हात कापतात. म्हणून मला तुमचा राग जायला हवा होता. प्रभूचं नाव मी त्याला मागाहून जोडलं."

हे ऐकून माझं मन विरघळलं असं लिहायला सोपं आहे. तसं झालं नाही. माझा राग अडचणीत आला, एवढंच. जिच्यावर तो काढायचा ती समोर बसली होती आणि खरं बोलत होती. शेवटी मी म्हटलं, मीनाला तरी हे शिकवू नका.

"मीना कुठे ऐकते?" त्या म्हणाल्या. "परवा माझ्यावर ओरडली. काकू, तुम्ही माझ्या आईला गप्प का केलंत, म्हणाली."

त्यांनी माझ्या टाचेची पट्टी सोडली आणि सिस्टर येईपर्यंत जखमेवरच्या माश्या वारत बसल्या.

पुढची गोष्ट मला लिहायची नव्हती, पण न लिहिणं खोटं होईल. आमच्या वॉर्डात एक नवी लग्न झालेली पोर होती. ती गोळ्या घेत नव्हती, तोंडात धरून नंतर थुंकायची. सिस्टर दटावून थकल्या, मी पलीकडून दोनदा ओरडले, त्याने ती आणखीच भेदरली. पाळकबाई तिच्यापाशी जाऊन बसल्या. काय बोलल्या कोण जाणे, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. पोरीने गोळी गिळली. दुसऱ्या दिवशीही गिळली. भ्यालेल्या माणसाची भाषा त्यांना येत होती, मला ती जन्मात यायची नाही. मला जसं घडवलं ते चूक नव्हतं, असं देवाशी भांडून मी कबूल करून घेतलं होतं. मग त्यांनाही त्यानेच घडवलंय, हे मला कबूल करावं लागलं. मी ते चडफडत केलं.

आणि यशवंत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय निर्जीव असले तरी रोज हलवायचे, एकेक बोट, घोटा, गुडघा. यशवंतनी ते काम लेथवर उभं राहिल्यासारखं केलं. घाई नाही, कंटाळा नाही, रोज तेवढंच आणि तसंच. मी असते तर तिसऱ्या दिवशी पायावर चिडून सोडून दिलं असतं. एका संध्याकाळी त्यांच्या हातात माझा डावा अंगठा हलला, आपला आपण. मी ओरडले, हलला, हलला. अंबक्कांनी चामुंडीला हात जोडले.

यशवंत म्हणाले, "बरं."

मला त्यांना पाण्याचं भांडं फेकून मारावंसं वाटलं. मग पाहिलं तर ते अंगठा सोडतच नव्हते.

साक्ष

पावसाळा सरताना मी पाठीला कातडी पट्टा बांधून घरी आले. कुणी धरलं तर उभी राहायची, मग न धरताही थोडा वेळ. दिवाळीनंतर आमच्या घरी खरी उपकारस्तुती झाली. अंबक्का मुलाच्या आधाराने आल्या होत्या, त्यांना खास खुर्ची दिली. मीनाने सगळ्यांना कॉफी दिली. पाळकसाहेबांनी गाणं झाल्यावर मला साक्ष द्यायला सांगितलं. आमची बहीण उभी आहे हे केवढं मोठं, आता तिने सांगावं की प्रभूने या आजारातून तिला काय शिकवलं, तिच्यात काय बदल केला.

मी खुर्चीला धरून उठले आणि मग खुर्ची सोडली. मी म्हटलं, "माझ्यात काही बदल झालेला नाही. मी आधीही तापट होते, आता जास्त आहे. मी गोड झाले होते तेव्हा मरत होते आणि तुम्ही आभार मानलेत. इथून पुढे कुणाच्या खाटेपाशी जाल तेव्हा तो माणूस जसा असेल तसा राहू द्या. रडका असेल तर रडू दे, गप्प असेल तर गप्प, शिव्या देत असेल तर ऐकून घ्या. देवाने त्याला ज्या साच्यात घडवलं तो देवाने मोडलेला नाही, तुम्ही मोडू नका. एवढीच माझी साक्ष."

साक्ष संपली की आमच्यात सगळे आमेन म्हणतात. कुणी म्हणेना. अशा साक्षीला आमेन म्हणायचं असतं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात यशवंत उठले. मंडळीत आल्यापासून हा माणूस कधी सभेत बोलला नव्हता. त्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली आणि म्हणाले, "उपासाच्या दिवसांत तुम्ही सगळ्यांनी हिचा राग जावा म्हणून प्रार्थना केलीत. मी रोज तो परत यावा म्हणून करत होतो. ती ओरडायची बंद झाली तेव्हा मला वाटलं, ही आता राहत नाही."

आणि बसले.

पहिलं आमेन पाळकबाईंचं होतं. मोठ्याने म्हणाल्या, हात कापत असताना.

मला हुंदका यायला हवा होता. मला आला तो राग. तो सगळा उपासाचा काळ हा माणूस माझ्या पायथ्याशी बसून होता, त्याला सगळं दिसत होतं, आणि त्याने तोंड उघडलं नव्हतं. भर सभेत मी विचारलं, "अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

ते गोंधळले. म्हणाले, "रोज कुणी ना कुणी येऊन प्रार्थना करत होतं. प्रार्थना चालू असताना मध्येच कसं बोलायचं?"

अंबक्कांना हसू आवरेना. मीनाने खुर्ची पुढे ओढली, आई, बस आता, पाय थरथरताहेत तुझे. थरथरत होतेच. पण मी बसले नाही, मला त्यांना अजून बरंच बोलायचं होतं.